नाव बदलत नाही, म्हणजे काय?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत परवा संतसाहित्यावर भाषण झाले, काल दख्खनच्या इतिहासावर झाले, आणि आज मी संगणकातल्या फोल्डरांच्या नावांवर बोलायला उभा आहे. ही उतरण आपल्या ध्यानात आली असेलच. दोष समितीचा आहे. ‘घरोघरी उपयोगी पडेल असे काही बोला,’ असे तिने मला बजावले. माझी एकतीस वर्षे या हैदराबाद शहरात लोकांचे संगणक दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा मजजवळ उपयोगी असे दुसरे काही नाही. या वर्षांत मी ऐकलेल्या तक्रारींत ‘संगणक फार हळू चालतो’ ही पहिली. पण जिच्यापायी माणसे खरोखर हातघाईवर येतात ती तक्रार निराळी आहे: ‘अहो, फोल्डरचे नाव बदलत नाही!’

गोष्ट क्षुल्लक वाटते. पण नाव बदलत नाही म्हणून चिडून, ‘डिस्कच बिघडली’ असा निवाडा करून सगळी डिस्क पुसून टाकणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. मागच्या वर्षी आपल्या शाळेच्याच बाबतीत तसे घडता घडता राहिले. ती हकीकत मी शेवटी सांगणार आहे. प्रथम फोल्डरचे नाव अडते कशामुळे, ते पाहू.

आपल्यापैकी अनेकांना शाळेचे जनरल रजिस्टर आठवत असेल. दाखल होताना जे नाव त्यात चढले, ते वर्गातल्या वर्गात कोणाला बदलता येत नसे. मुलगा वर्गात काय म्हणवून घेतो याला किंमत नव्हती. कार्यालयातल्या वहीत काय लिहिले आहे, ते खरे. फोल्डरचेही थोडेफार असेच असते. त्याचे नाव त्याच्या पोटातल्या कागदांत नसते. ते ज्या मोठ्या फोल्डरात बसलेले आहे, त्याच्या यादीत नोंदलेले असते. म्हणून नाव बदलायचे तर त्या फोल्डरावर आपला हक्क हवा, तसाच वरच्या यादीत खाडाखोड करण्याचाही हक्क हवा. शिवाय त्या वेळी ती नोंद दुसऱ्या कोणी धरून ठेवलेली नसावी, आणि नवे नाव वहीच्या नियमांत बसणारे असावे. बहुतेक सर्व अडचणी या तीन दारांपैकी एका दाराशी अडतात. मी विंडोजविषयी बोलतो आहे, कारण आपल्या घरी बहुधा तेच असते.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कोणीतरी ते फोल्डर धरून ठेवलेले असते. विंडोज तसा स्वच्छ संदेशही देते, की हे फोल्डर किंवा यातली फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. आपण मात्र तो वाचीत नाही; खिडकी बंद करतो आणि पुन्हा एफ-दोनची कळ दाबतो. आत एखादे वर्डचे पत्र उघडे असेल, एखादा व्हिडिओ थांबवून ठेवलेला असेल, तर नाव बदलणार नाही. इथवर सर्वांना कळते. पण सगळे बंद केले तरी तोच संदेश येतो, तेव्हा माणूस गोंधळतो. अशा वेळी धरून ठेवणारा डोळ्यांना दिसत नसतो. व्हायरसरोधक प्रोग्रॅम आतल्या फायली तपासत असतो. वनड्राइव्ह त्या फोल्डराची प्रत दूरच्या संगणकावर चढवीत असते. उजवीकडच्या पूर्वदर्शनाच्या चौकटीत आपण मघाशी पाहिलेला फोटो किंवा पीडीएफ अजून धरलेला असतो. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, त्या फोल्डरात जाऊन बसलेले असलो तर ती खिडकीच त्याला अडवते; आणि खिडकी उघडून ठेवणारे आपणच असतो, हे ध्यानात येत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे पाच मिनिटे थांबणे. मी गंभीरपणे सांगतो आहे. तपासणी संपते, प्रत चढून होते आणि नाव निमूटपणे बदलते. दुसरा उपाय संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. सुरू होताच, दुसरे काही उघडण्याआधी नाव बदलावे. कोणी धरले आहे ते शोधूनच काढायचे असेल, तर विंडोजमध्येच रिसोर्स मॉनिटर नावाचे साधन असते. त्यातल्या सीपीयू या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ असा भाग आहे. तिथल्या शोधचौकटीत फोल्डराच्या नावाचा एखादा तुकडा लिहिला, की ज्या ज्या प्रोग्रॅमने ते धरले आहे त्यांची यादी समोर येते. मग तो प्रोग्रॅम रीतसर बंद करावा. यादीत काही अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच त्याचा गळा दाबू नये. ते विंडोजचे स्वतःचेच काम असू शकते. आणि या कामासाठी कुठून तरी ‘अनलॉकर’ उतरवून घेण्याचा मोह टाळावा. अशा फुकटच्या किल्ल्यांबरोबर चोरही घरात आलेले मी पाहिले आहेत.

लिनक्स वापरणारे एखादे चिरंजीव इथे असतील, तर ते म्हणतील की आमच्याकडे उघड्या फोल्डराचेही नाव खुशाल बदलता येते. ते खरे आहे. तिथे उघडलेली फाईल नावाने नव्हे, आतल्या क्रमांकाने धरलेली असते. ही लिनक्सची वेगळी रीत ध्यानात ठेवा. पुढे तिची गाठ पडणार आहे.

आता नियमांत न बसणारी नावे. विंडोजमध्ये नऊ चिन्हे नावात चालत नाहीत: लहान-मोठेपणा दाखवणारी कोनाची दोन चिन्हे, विसर्गासारखे दिसणारे कोलन, दुहेरी अवतरण, दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेघा, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि तारा. आपल्या लोकांची सर्वांत मोठी फसगत होते ती तारखेने. ‘१५/८/१९७२’ असे नाव द्यायला जावे, तर तिरपी रेघ उमटतच नाही. तिथे आडवी रेघ घालावी. त्यातही साल आधी, मग महिना, मग दिवस असे लिहावे आणि महिना-दिवस दोन आकडी ठेवावेत, म्हणजे फोल्डरे आपोआप कालक्रमाने लागतात. खरा विसर्ग मात्र चालतो. ‘अंतःकरण’ नावाचे फोल्डर करायला काही हरकत नाही. फक्त विसर्गाच्या जागी कोलन टंकू नका.

चिन्हांखेरीज काही अख्खी नावेच निषिद्ध आहेत. आपल्यापैकी पुष्कळांना एकेकाळी ईमेलने एक चमत्कार आला असेल: ‘एका भारतीयाने शोधून काढले आहे, की संगणकावर सी-ओ-एन या नावाचे फोल्डर करता येत नाही, आणि याचे कारण खुद्द मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक नाही!’ कारण त्यांना उत्तम ठाऊक आहे. डॉसच्या काळात ‘कॉन’ हे कळफलक-पडद्याचे नाव होते, ‘पीआरएन’ हे छपाईयंत्राचे, ‘एयूएक्स’ हे जोडयंत्राचे आणि ‘एनयूएल’ म्हणजे सगळे गिळून टाकणारे विवर. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही वस्तूच नव्हती. ती १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. पण जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरात राखीव ठेवली गेली. ती आजतागायत राखीव आहेत. ही सगळी बंदी रोमन लिपीतल्या नावांना आहे. देवनागरीत ‘कॉन’ लिहा, संगणक चकार शब्द काढणार नाही.

देवनागरीचा विषय निघाला म्हणून थोडे थांबतो, कारण या गोष्टी इंग्रजी मदतपुस्तकांत सापडत नाहीत आणि आपण परप्रांतातले मराठी लोक हौसेने फोल्डरांना मराठी नावे देतो. विंडोजमध्ये एखाद्या फाईलचा संपूर्ण पत्ता, म्हणजे डिस्कच्या अक्षरापासून वाटेतल्या सगळ्या फोल्डरांची नावे धरून, साधारणपणे २६० चिन्हांच्या आत बसावा लागतो. ही चिन्हे मोजण्याची रीत मात्र आपली नव्हे. ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द आपल्या हिशेबी सहा अक्षरांचा. संगणकाच्या हिशेबी अकरा चिन्हांचा. कारण हलन्त वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. म्हणजे इंग्रजीत नावे देणाऱ्यापेक्षा आपली मर्यादा लवकर भरते. फोल्डरात फोल्डर, त्यात ‘वार्षिक स्नेहसंमेलन – पारितोषिक वितरण – प्रमुख पाहुण्यांचे भाषण’ अशी ऐसपैस नावे दिली, की एक दिवस अगदी आतल्या फोल्डराचे नाव बदलत नाही, फाईल उघडत नाही, प्रत निघत नाही. त्याहून फसवा प्रकार असा, की वरच्या फोल्डराचे नाव लांब करताना कोणी अडवीत नाही, आणि त्यामुळे आतल्या फायली मर्यादेबाहेर ढकलल्या जातात. उपाय सोपा आहे. सर्वांत वरच्या फोल्डराचे नाव तात्पुरते ‘१’ करावे. आत हवी ती दुरुस्ती करून घ्यावी. आणि पुढे लांबलचक वर्णन नावात न घालता आत एखाद्या टिपणात लिहावे.

दुसरी गंमत आपल्या ‘ऱ्य’ची. ‘पायऱ्या’ हा शब्द दोन-तीन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत खास मराठी ‘ऱ’ येतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’ घेऊन, हलन्त देऊन, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन निराळी नावे आहेत. शाळेच्या पायऱ्यांवर दरवर्षी वर्गाचा फोटो निघत असे. कार्यालयात त्यांची दोन फोल्डरे तयार झाली होती, दोन्हींचे नाव ‘पायऱ्या’. एकाच ठिकाणी एकाच नावाची दोन फोल्डरे असू शकत नाहीत, हा नियम ठाऊक असलेल्या लिपिकताईंना वाटले की संगणकाला भूतबाधा झाली. त्यांनी एकाचे नाव खोडून हाताने पुन्हा ‘पायऱ्या’ लिहिले. तरी काहीच फरक पडला नाही. खरे तर नाव बदलले होते किंवा बदलले नव्हते, हे डोळ्यांना कळण्यासारखेच नव्हते. अशा वेळी दोहोंना ‘पायऱ्या १’ आणि ‘पायऱ्या २’ अशी नावे द्यावीत, आतला माल एकत्र करावा, आणि घरात सर्वांनी एकच कळफलक-रीत ठरवावी. दोन रीतींचा घोळ शोधातही नडतो. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडेलच, अशी शाश्वती धरू नये.

आता हक्काची गोष्ट. जुना संगणक मोडला, त्याची डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली, आणि तिच्यातल्या फोल्डरांना हात लावू म्हटले तर ‘आपणांस परवानगी नाही’ असे उत्तर आले, हा अनुभव पुष्कळांना आहे. स्वतःच्याच घरात परके होण्याचा प्रकार. गुणधर्मांत सुरक्षेच्या पानावर मालकाच्या जागी नाव नसते. ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी आकड्यांची लांब माळ असते. ती आपलीच जुन्या संगणकावरची ओळख आहे, पण नवा संगणक ती जाणत नाही. त्याच पानावरून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन मालक बदलता येतो, मग पूर्ण हक्क घेता येतो. मात्र हे त्या एका फोल्डरापुरतेच करावे. संपूर्ण सी ड्राइव्हचे मालक होऊ पाहाल, तर विंडोजची आतली व्यवस्था विस्कटून ठेवाल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ‘यूझर्स’च्या आत प्रत्येकाच्या नावाचे एक फोल्डर असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू केला, तर सहसा ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून त्याचे नाव पडते. एखाद्या अनुराधेची रोमनमध्ये ‘अनुरा’ होऊन बसते. माझ्या मुलीचे नाव असेच मध्ये तुटले होते आणि ते तिला खुपत असे. खात्याचे नाव बदलले तरी या फोल्डराचे नाव बदलत नाही. ‘यात काय मोठेसे’ असे म्हणून मी दुसऱ्या खात्यातून आत शिरलो आणि फोल्डराचे नाव बदलून टाकले. सकाळी तिने संगणक सुरू केला, तर पडदा कोरा, कागदपत्रे नाहीत, ठेवणीतले काहीच नाही. विंडोज रजिस्ट्रीत जुना पत्ता शोधत होते. तो सापडला नाही म्हणून त्याने तिला तात्पुरती खोली दिली होती. तिच्या महाविद्यालयात त्या दिवशी प्रकल्प सादर करायचा होता. मी जुने नाव परत दिले, सगळे जागेवर आले, पण त्या तासाभरात तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा सल्ला असा: या एका फोल्डराचे तुटके नाव सोसावे. फारच असह्य झाले, तर नवे खाते काढून आपला माल तिकडे न्यावा.

बाकी किरकोळ प्रकार भराभर सांगतो. कॅमेऱ्याच्या कार्डाला बाजूला एक चिमुकली कळ असते. ती ‘लॉक’कडे सरकली असेल तर त्यावरचे काहीच बदलत नाही. विंडोजची डिस्क मॅकला जोडली तर तिच्यातले सहसा फक्त वाचता येते, बदलता येत नाही. काही फोल्डरांत ‘डेस्कटॉप’ नावाची एक लपलेली ‘आयएनआय’ फाईल असते, आणि तिच्यात दाखवायचे नाव वेगळे लिहिलेले असते. मग खरे नाव एक आणि दिसणारे दुसरे. आणि डिस्क खरोखरच म्हातारी झाली असेल, फोल्डर उघडताना अडखळत असेल, खडखडत असेल, तर नावाचा नाद सोडून आधी प्रत काढावी. दुरुस्तीची हत्यारे त्यानंतर.

आता ती हकीकत.

आपल्या शाळेतले चित्रकलेचे सर आपणां सर्वांना आठवतात. पहिल्या तुकड्यांपासून ते स्वतःच्या कॅमेऱ्याने शाळेचे फोटो काढीत. निवृत्तीनंतर त्यांनी सहा वर्षे घरी बसून ते सगळे फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन केले. त्यांचा लॅपटॉप जुना होता, विंडोज त्याला पेलवत नव्हते, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स घालून दिले होते. स्कॅन केलेले सर्व फोटो सर एका बाहेरच्या डिस्कवर ठेवीत. सर गेले. स्मरणिकेचे काम निघाले, तेव्हा बाईंनी, म्हणजे आपल्या मराठीच्या बाईंनी, ती डिस्क कापडी पिशवीत घालून स्वतः शाळेत आणून दिली. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

कार्यालयातल्या संगणकाला डिस्क जोडली. पन्नासाहून अधिक फोल्डरे दिसली. समितीने ठरवले होते, की सर्वांना एकाच पद्धतीची नावे द्यायची. बहुतेकांची नावे बदलली. चौदा फोल्डरे मात्र हटून बसली. त्यांची नावे बदलत नव्हती, ती उघडत नव्हती, त्यांची प्रत निघत नव्हती, आणि रागाने एकाने पुसून पाहिले तर पुसलीही जात नव्हती. त्यांनी पुसून घेतले नाही, हे आपले भाग्य. कोणा जाणकाराने सांगितले, ‘डिस्कला कीड लागली, निघाले तेवढे घ्या आणि फॉरमॅट करा.’ दुसऱ्या दिवशी तेच होणार होते. त्या संध्याकाळी मी वर्गणी द्यायला शाळेत गेलो होतो.

मी माझ्या नेहमीच्या वाटा तुडवल्या. कोणी धरून ठेवले आहे काय? नाही. हक्क? ते होते. पत्ता लांब? नाही. चौदापैकी तीन फोल्डरांचे कोडे तासाभरात सुटले. त्यांच्या नावांच्या शेवटी एक-एक रिकामी जागा होती. विंडोज नावाच्या शेवटची रिकामी जागा आणि टिंब आपणहून गाळते. म्हणून त्याला यादीत ‘सहल␣’ दिसते, पण दार ठोठावताना ते ‘सहल’ अशी हाक मारते, आणि त्या नावाचे कोणी घरात नसते. लिनक्सला शेवटच्या रिकाम्या जागेचे वावडे नाही, म्हणून ती सरांच्या हातून सहज पडली होती. काळ्या खिडकीत पत्त्याच्या आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटी तिरपी रेघ असा उपसर्ग लावला, सगळा पत्ता रिकाम्या जागेसकट अवतरणात घातला, की विंडोज गाळण्याचा उद्योग सोडते आणि जसे लिहिले तसे वाचते. ‘रेन’ ही आज्ञा देऊन तिन्हींची नावे बदलली. त्या काळ्या खिडकीत आपली देवनागरी नीट उमटत नाही, नुसती खोकी दिसतात, त्यामुळे हे काम मी जवळजवळ आंधळेपणाने केले.

उरली अकरा. त्यांना हा उपसर्गही लागू पडेना. मी यादीकडे बघत बसलो. ‘१९७१ ? क्रीडा’, ‘१९६९ ? गणपती’, ‘१९८० ? गच्ची’. सगळ्यांत प्रश्नचिन्ह. मला वाटले, अक्षरे बिघडली की विंडोज त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे दाखवते, तसलेच हे काही असावे. म्हणजे त्या जाणकाराचेच म्हणणे खरे. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, “ते प्रश्नचिन्ह त्यांचेच आहे रे. ज्या सालाची खात्री नसेल तिथे ते घालीत. हजेरीपटातसुद्धा घालीत.”

मग सगळा उलगडा झाला. बिघाड नव्हताच. सरांना खात्री नव्हती, आणि खात्री नसताना साल ठोकून द्यायचे नाही म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे चिन्ह घातले होते. लिनक्सने ते निमूटपणे लिहून घेतले. पण विंडोजमध्ये प्रश्नचिन्हाला डॉसच्या काळापासून ठरलेला अर्थ आहे: ‘या जागी कोणतेही एक अक्षर’. शोधताना ते वापरायचे असते. नावात ते येऊच शकत नाही, म्हणून ते फोल्डर दिसते, पण त्याला नावाने हाक मारता येत नाही. जिथे ते लिहिले गेले तिथेच ते पुसायला हवे होते.

सरांचा लॅपटॉप बाईंच्या घरी कपाटावर होता. बॅटरी मेलेली होती, पण वीज जोडल्यावर तो सुरू झाला. नसता झाला, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून हेच करता आले असते. डिस्क जोडली. अकराही फोल्डरे पहिल्या टिचकीला उघडली. आत एकूण एक फोटो शाबूत. आधी सगळ्यांची प्रत काढली, एक लॅपटॉपवर, एक माझ्या डिस्कवर. मग नावे बदलायला घेतली, तेव्हा प्रश्नचिन्हाच्या जागी काय लिहायचे, असा प्रश्न आला. मी म्हटले, ‘बहुधा’ लिहू. बाई म्हणाल्या, “नको. ते ‘बहुधा’ कधी म्हणत नसत.” मी ‘अंदाजे’ सुचवले. तेही त्यांना पटले नाही. थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “‘विचारणे’ लिही. वहीत ते तसेच लिहीत: अमक्याला विचारणे.” अकराही फोल्डरांना तसे नाव दिले: ‘१९७१ विचारणे क्रीडा’.

आणि आम्ही विचारले. ‘१९८० गच्ची’मध्ये मुले काळ्या फिल्मचे तुकडे डोळ्यांशी धरून आकाशाकडे पाहत आहेत. ते १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण, शनिवारचे. आपल्या शहराजवळच्या जपाल-रंगापूरच्या वेधशाळेत तेव्हा शास्त्रज्ञ जमले होते. सरांचा अंदाज बरोबर ठरला. तशा फिल्मच्या तुकड्यांतून ग्रहण पाहणे डोळ्यांना घातक आहे, आज कोणी पाहू नये. दुसऱ्या एका संचात स्नेहसंमेलनातल्या प्रहसनाचा पडदा दिसतो, त्यावर खडूने रंगवलेली ‘स्कायलॅब’ कोसळते आहे. स्कायलॅब पडली १९७९ च्या जुलैत. सरांनी साल १९७७ धरले होते. त्या प्रहसनात काम केलेली एक मुलगी आज पुण्याला आजी आहे. तिने फोनवर संवाद म्हणून दाखवले. असे करीत करीत सात संचांची साले पक्की झाली, आणि त्यांच्या नावांतले ‘विचारणे’ गेले.

चार राहिले आहेत. एकात मैदानावर तंबू आहे आणि कोणी पाहुणे टोपी घातलेले. एकात नवी घंटा टांगताना शिपाईमामा शिडीवर. एकात नुसती रिकामी वर्गखोली, फळ्यावर अर्धा सुविचार. आणि एकात पाऊस, छत्र्या, फाटकाशी उभे असलेले पालक. त्यांत इथे बसलेल्या कोणाचे आईवडील असतील. या चारही संचांचे फोटो बाहेरच्या व्हरांड्यात लावले आहेत. खाली वही आणि पेन ठेवले आहे. चहा घेताना जरूर पाहा. कोणाला काही ओळखू आले तर त्या वहीत लिहा. नाव बदलण्याचे काम मी उद्या सकाळी येऊन करीन.